इर्मा होलुबेकचं मत

"मी नाही जाणार," इर्मा म्हणाली.

"मग कोण जाणार? हा?" गस थाल्मनने प्लास्टरमधल्या पायावर काठी आपटली आणि स्वतःच कळवळला. "आई गं! सांग ना, हा पाय जाणार हॅरिसबर्गच्या बैठकीला?"

गस हा केसलर कूपर्स या बेसबॉल संघाचा मालक. त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि संघ चालायचा तो त्या दुकानाच्या जिवावर. गेल्या शनिवारी मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडचं छप्पर कुठे गळतंय ते बघायला तो स्वतः शिडी लावून वर चढला होता. वय साठीच्या पुढे, वजन शिडीच्या आवाक्याबाहेर. छप्पर कुठे कुजलंय ते त्याला बरोबर सापडलं. फक्त खाली येताना तो शिडीवरून न येता त्या कुजलेल्या जागेतूनच आला.

"तिथं सगळे मालक असतात," इर्मा म्हणाली. "सिगार ओढणारे. मी तिकीटवाली बाई. मी काय बोलू त्यांच्यापुढे?"

"तू तिकीटवाली आहेस होय? मग बसची व्यवस्था कोण बघतं? खेळाडूंच्या खोल्या कोण शोधतं? पाऊस आला की सामना पुढे कोण ढकलतं? मी फक्त सही करतो आणि पंचांवर ओरडतो."

स्वयंपाकघरातून गसची बायको लिओना हात पुसत बाहेर आली. "इर्मा, जा गं बाई तू. नाहीतर हा मलाच पाठवेल. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी धावणारा पोरगा मधेच का थांबतो, ते मला अजून कळलेलं नाही."

इर्माला हसू आलं. तिथेच ती फसली.

त्या लीगमध्ये आठ संघ होते. आठही गावं डोंगर आणि नद्यांमधली: कुठे कातड्याचे कारखाने, कुठे काचेचे, कुठे कोळसा. दरवर्षी जुलैत आठही संघांमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना व्हायचा, आणि तो ज्या गावात व्हायचा त्या गावाला वर्षभर आपल्याच घरी लग्न झाल्यासारखं वाटायचं. पूर्वी हे गाव निवडायची रीत सोपी होती. चार जुलैला जो संघ पहिल्या क्रमांकावर असेल, त्याच्या मैदानावर सामना. खेळून मिळवायचा, मागायचा नाही.

अशा रीतीने केसलरला तो एकदाच मिळता मिळता राहिला. इर्मा तेव्हा नुकतीच तिकिटाच्या खिडकीत बसायला लागली होती. तीन जुलैपर्यंत कूपर्स पहिले होते, एका सामन्याने नव्हे, केसाच्या अंतराने. गावाने तेवढ्यावर रस्ताभर रंगीत कापडं लावली, बायकांनी गोड ॲपल-पाय भाजले, कातड्याच्या कारखान्यात सुतारकाम करणाऱ्या इर्माच्या वडिलांनी चार सोबती घेऊन जादा बाकं ठोकली. आणि चार तारखेला सकाळपासून असा पाऊस लागला की मैदानात बदकं उतरली. कूपर्सना खेळताच आलं नाही. तिकडे डोंगरापलीकडे ऊन होतं, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने एकाच दिवसात दोन सामने जिंकून त्यांना मागे टाकलं. ॲपल-पाय गावाने मुकाट्याने खाल्ले. रस्त्यावरची कापडं मात्र महिनाभर तशीच होती. ती उतरवायला शिडीवर कोणी चढेना. इर्माचे वडील म्हणाले, "पुढच्या वर्षी." केसलरमध्ये बेसबॉलबद्दलचं कुठलंही बोलणं शेवटी याच दोन शब्दांवर यायचं.

मग युद्ध आलं, गेलं. मालकांच्या लक्षात आलं की आठवडाभर आधी गाव ठरलं तर ना हॉटेलं मिळतात, ना जाहिराती. म्हणून त्यांनी नवी रीत काढली. डिसेंबरच्या बैठकीत ज्यांना सामना हवा त्यांनी उभं राहायचं, आपलं म्हणणं मांडायचं, आणि आठ संघांनी मत द्यायचं. पाच मतं ज्याला, सामना त्याला. तेव्हापासून चांगलं खेळणाऱ्या गावापेक्षा चांगलं बोलणाऱ्या गावाला सामना मिळायला लागला. केसलरकडे चांगलं बोलणारा माणूस म्हणजे गस, आणि तो दर वर्षी कुणाशी तरी भांडून परत यायचा.

पण यंदा तयारी वेगळी होती. गावात हॉटेल एकच, तेही जुनं. म्हणून इर्माने घरोघर फिरून पाहुण्यांसाठी खोल्या मिळवल्या होत्या. चर्चच्या बायका पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, करणार होत्या. केशकर्तनालय चालवणाऱ्या फ्लॉसी ड्रेकने, म्हणजे इर्माच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने, बैठकीच्या आदल्या दिवशी तिचे केस बांधून दिले आणि आरशातून तिच्याकडे बघत म्हटलं, "हे बघ, हात हलवत परत येऊ नकोस. माझ्या आईची वरची खोली मी रंगवून घेतलीय. तिला वाटतंय, तिथं एखादा देखणा खेळाडू उतरणार आहे."

"तुझ्या आईचं वय काय?"

"वयाचं काय घेऊन बसलीस! रंग चांगला दिलाय मी."

निघायच्या आधी इर्माने एक फोन केला. पोर्ट एल्डन हे नदीकाठचं गाव. तिथल्या पायलट्स संघाचा कारभार एल्मर रीस नावाचा माणूस बघायचा, जसा इर्मा केसलरचा बघायची तसाच. संघ एकमेकांकडे खेळायला जाणार म्हटल्यावर दोघांचं फोनवर बोलणं व्हायचंच, आणि ते वीसेक वर्षं होत आलं होतं. पाऊस, बस, आजारी खेळाडू यांवरून सुरू झालेलं बोलणं हळूहळू एल्मरच्या बायकोच्या दुखण्यावर, मग तिच्या जाण्यावर, इर्माचा नवरा स्टीव्ह याच्या कबुतरांवर येऊन पोहोचलं होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं मात्र कधीच नव्हतं. संघ प्रवासाला जायचे. कारभारी मागे राहायचे.

"होलुबेकबाई, तुम्ही येताय म्हणे बैठकीला?" एल्मरचा आवाज नेहमी सर्दी झाल्यासारखा असायचा. "मग मी कोट इस्त्री करतो."

"मिस्टर रीस, ऐकलं ते खरं का? तुम्हीपण सामना मागताय यंदा?"

"मागून बघतो. मागायला काय जातंय?"

"मागा की. पण मी सोडणार नाही हां. सांगून ठेवते."

"सोडू नकाच," एल्मर म्हणाला.

हॅरिसबर्गच्या त्या हॉटेलात लांब टेबलाभोवती मंडळी बसली होती. पोर्ट एल्डनच्या जागेवर मोठ्या कानांचा, बुटका, खूप घासून दाढी केलेला माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "बसा, होलुबेकबाई," आणि इर्माला वाटलं, आवाज ओळखीचा आहे, पण तो चुकून कुणा दुसऱ्याच्या तोंडातून येतोय.

सर्वांत आधी ब्रुकमाँटचा मालक इंग्रॅम बोलला. ब्रुकमाँटचं स्टेडियम नवंकोरं होतं. त्याने मोठाले फोटो आणले होते: गाड्या लावायची जागा, विजेचे दिवे, पत्रकारांसाठी काचेची खोली. बोललाही चांगला. मग इर्मा उभी राहिली. तोंडपाठ केलेलं भाषण पहिल्या दोन वाक्यांनंतर आठवेना. म्हणून तिने जे होतं ते सांगितलं: खोल्या कुणी कुणी दिल्यात, पिरोगी कोण करणार, छप्पर कुठून गळतं आणि मालक त्यातून कसा खाली आला. मंडळी हसली; पण ते हसणं आपुलकीचं होतं. शेवटी एल्मर उठला, म्हणाला, "आमच्याकडे नदी आहे, बॅंड आहे, आणि लोकांना खेळ आवडतो. बाकी काय सांगणार?" आणि खाली बसला.

पहिल्या फेरीत ब्रुकमाँटला तीन, केसलरला तीन आणि पोर्ट एल्डनला दोन मतं पडली. पाच कुणालाच नाहीत. अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी दिली.

एल्मर तिला खालच्या छोट्या उपाहारगृहात घेऊन गेला. सूप आलं. तो ते चमच्याने ढवळत राहिला.

"जेवण झालं की मी उठणार," तो म्हणाला. "आमचं नाव मागे घेणार. माझं एक मत आणि माझ्या मित्राचं एक, दोन्ही केसलरला. तुमची पाच झाली."

फ्लॉसीच्या आईची रंगवलेली खोली डोळ्यांपुढे आली. आणि मग तिला नीट बघितल्यावर कळलं की समोरच्या माणसाने सुपाचा एक घोटही घेतलेला नाही.

"का?" तिने विचारलं. "मागायला आलात आणि दोन तासांत सोडताय. का?"

"तुमचं भाषण आवडलं."

"मिस्टर रीस, वीस वर्षं मी तुमचा आवाज ऐकतेय. पाऊस पडत असताना 'पडत नाही' म्हणायचात, तेव्हा असाच लागायचा तुमचा आवाज."

एल्मरने चमचा खाली ठेवला. येत्या सप्टेंबरात पायलट्स बंद होणार होते. मालकाने जमीन लाकडाच्या वखारीला विकली होती, सह्याही झाल्या होत्या. गावात कुणालाच माहीत नव्हतं. खेळाडूंना कळलं तर ते वसंतातच दुसरीकडे जातील आणि शेवटचा हंगामही मोडेल, म्हणून मालकाने एल्मरकडून वचन घेतलं होतं. एल्मरला वाटलं होतं, जाता जाता एकदा मैदान भरलेलं बघावं. लोकांना माहीत नसलं म्हणून काय झालं? त्यांनी यावं, हसावं, ओरडावं.

"पण ते तुमचं ऐकलं ना, खोल्या वगैरे," तो म्हणाला, "तेव्हा मनात आलं, मरणाऱ्याच्या ताटात कशाला वाढायचं? तुमचं गाव खेळणार आहे पुढे. तुम्ही घ्या. आणि हे कुणाला सांगू नका, होलुबेकबाई. गसलापण नाही."

"नाही सांगणार."

"चेरी-पाय खाणार? इथला बरा असतो."

"नको," इर्मा म्हणाली. "मला एक फोन करायचाय."

हॉटेलच्या दाराशी फोनची काचेची केबिन होती. तिने गसच्या घरी फोन लावला. लिओनाने उचलला. गस झोपला होता. पाय फार दुखत होता म्हणून डॉक्टरने औषध दिलं होतं. "उठवू का गं? मिळाला का सामना?"

गसला उठवलं तर तो काय म्हणणार, हे तिला माहीत होतं. तो मालक होता, आणि त्याचंही चूक नसतं.

"नको, झोपू दे," ती म्हणाली. "अजून ठरलं नाही."

केबिनमधून बाहेर आली तेव्हा मात्र तिचं ठरलं होतं. ती मोठ्या विचाराने वगैरे ठरवलं असं पुढेही कधी म्हणाली नाही. तिला एवढंच दिसत होतं की केसलरला पुढचं वर्ष आहे आणि एल्डनला नाही.

केसलरला मत देणारे दोघे, शार्प आणि डेलुका, दिवाणखान्यात सिगार ओढत बसले होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तुमची मतं एल्डनला द्या. मीपण देतेय."

"काय?" शार्पने सिगार तोंडातून काढला. "तासापूर्वी तुम्ही आम्हाला पिरोगी खायला बोलावत होता!"

"पिरोगी कधीही या. कारण विचारू नका, मला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय का?"

डेलुका जाडजूड, शांत माणूस होता. "दोन वर्षांपूर्वी आमची बस तुमच्या घाटात बंद पडली होती," तो शार्पला म्हणाला. "या बाईंनी सगळ्या पोरांना घरी नेऊन जेवायला घातलं. नवऱ्याची चार कबुतरंपण शिजवली म्हणतात."

"तीन," इर्मा म्हणाली. "तो अजून बोलून दाखवतो."

बैठक पुन्हा सुरू झाली. एल्मर उठायला खुर्ची मागे सरकवत होता, तेवढ्यात इर्मा उभी राहिली. "केसलर आपलं नाव मागे घेतंय. आमचं मत पोर्ट एल्डनला."

एल्मर अर्धा उठलेला तसाच राहिला. त्याने तोंड उघडलं. इर्माने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो खाली बसला.

पाच मतं झाली. इंग्रॅमने फोटो गोळा करताना विचारलं, "बाई, तुमच्या मालकाला माहीत आहे का हे?"

"संध्याकाळी कळेल," इर्मा म्हणाली.

संध्याकाळी कळलं. गस पलंगावर टेकून बसला होता. तिने सांगितलं तसं त्याने आधी हसूनच घेतलं, त्याला ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला.

"का पण? हरलीस तर हरलीस, इर्मा. मी दर वर्षी हरतो. पण दिलास? उचलून दिलास?"

"हो."

"कारण?"

"सांगता येत नाही, मिस्टर थाल्मन."

"मी मालक आहे! माझा पाय मोडलाय त्या मैदानापायी!"

"माहीत आहे. मला कामावरून काढायचं तर काढा. पण सांगता येत नाही."

गसने काढलं नाही. त्याने तिच्याशी बोलणं बंद केलं, आणि ते जास्त वाईट होतं. वसंतात तो काठी टेकत मैदानावर यायला लागला, तेव्हा निरोप लिओनामार्फत द्यायचा. गावाचं तर विचारूच नका. चर्चच्या बायकांनी पिरोगीचं काही विचारलं नाही, फक्त ती आली की बोलणं हवामानावर न्यायच्या. फ्लॉसीने केस कापताना एक अक्षर काढलं नाही. शेवटी कात्री ठेवून म्हणाली, "लोक काय म्हणतात ठाऊक आहे? तुझं त्या एल्डनवाल्याशी काहीतरी आहे. सारखे फोन. मी भांडले हां सगळ्यांशी. पण इर्मा, मला तरी सांग ना."

"काही नाहीये, फ्लॉसी."

"मग दिलास का?"

इर्माने गळ्याभोवतीचा टॉवेल काढून घडी घातला आणि ठेवला.

हे बोलणं स्टीव्हच्या कानापर्यंत जाणारच होतं. स्टीव्ह होलुबेक कातड्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याला बेसबॉलचं काही नव्हतं. संध्याकाळी तो आपला कबुतरांना दाणे टाकत बसायचा. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कारखान्यातला एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे स्टीव्ह, तुझ्या बायकोनं सामना एल्डनवाल्याला आंदण दिला म्हणे?"

लोक थांबले. स्टीव्हने टोपी डोक्यावर घातली, नीट बसली का ते बघितलं. "तिच्या हातात होता, तिनं दिला," तो म्हणाला. "तुझ्या हातात काय होतं?"

घरी जाताना इर्मा म्हणाली, "तू मला एकदापण विचारलं नाहीस, का दिला म्हणून."

"सांगायचं असतं तर सांगितलं असतंस."

"आणि लोक म्हणतात ते?"

"कोण, तो फोनवाला?" स्टीव्ह हसला. "तू त्याच्याशी बसच्या टायरबद्दल बोलतेस. मी ऐकलंय. टायरवरून कुणी पळून जात नाही."

इर्मा रस्त्यात थांबून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. स्टीव्हने रुमाल दिला. त्याला कबुतराचं पीस चिकटलेलं होतं.

जुलैत ती दोघं बसने पोर्ट एल्डनला गेली. मैदान नदीला लागून होतं. बॅंड वाजत होता, तळलेल्या माशांचा वास सगळीकडे होता, आणि स्टँड असा भरला होता की पोरं कुंपणावर, कुंपणामागच्या झाडांवर, झाडांमागच्या माल नेणाऱ्या होड्यांच्या छपरांवर बसली होती. एल्मरने त्या दोघांसाठी चांगल्या जागा राखल्या होत्या. स्वतः तो एका जागी टिकत नव्हता. कोट, टाय घालून तो पायऱ्या चढत होता, उतरत होता, म्हाताऱ्यांना सावलीत बसवत होता.

सामना चांगला झाला. एल्डनच्या एका लाल केसांच्या पोराने मारलेला चेंडू कुंपणावरून थेट नदीत पडला, तेव्हा जो आरडाओरडा झाला त्याने पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. स्टीव्हपण उभा राहिला. "हे चांगलं झालं ना?" त्याने इर्माला विचारलं.

"फार चांगलं."

सामना संपला तसा एल्मर बाहेरच्या मोठ्या दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होता. "आलात, फार बरं वाटलं. आलात, बरं वाटलं." लोक हसत होते. एक जाड बाई म्हणाली, "एल्मर, काय रे, पोरगी उजवलीस का आज?" मागचे सगळे मोठ्याने हसले. एल्मरही हसला. पण त्याने तिचा हात सोडला नाही, दुसऱ्या हाताने वरून थोपटला, आणि मग पुढच्याचा घेतला.

इर्मा रांगेतून त्याच्यापर्यंत पोहोचली. मागून लोक ढकलत होते. स्टीव्हने हात पुढे केला. "मी होलुबेक. तुमच्या मासळीला मीठ कमी होतं, बाकी सगळं झकास."

"पुढच्या वेळी जास्त घालू," एल्मर म्हणाला.

दाराजवळच्या खांबाला टेकून गस उभा होता. तो कधी आला, कसा आला, इर्माला माहीत नव्हतं. तो एल्मरकडे, त्या हस्तांदोलनांकडे एकटक बघत होता. इर्माकडे बघून त्याने मान फिरवली नाही. पण बोललाही नाही.

सप्टेंबरात बातमी आली. पोर्ट एल्डनचा संघ बंद. त्याच दिवशी गस तिकिटाच्या खोलीत आला, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला आणि काठीवर हनुवटी टेकली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"डिसेंबरपासून? आणि मी तुझ्याशी... गावानं तुला..." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "अगं, मला तरी सांगायचं होतंस."

"तुम्ही लिओनाला सांगितलं असतं."

"फक्त लिओनाला!"

"आणि लिओनानं?"

गसने विचार केला. "दुपारपर्यंत सगळ्या गावाला," तो म्हणाला आणि हसायला लागला, आणि मग त्याने खिशातून मोठा रुमाल काढून बराच वेळ नाक पुसलं. "त्याला दारात उभं राहिलेलं बघितलं तेव्हाच मला काहीतरी वाटलं होतं. सामना संपल्यावर एवढं कुणी करत नाही. असो. पुढच्या वर्षी आपण. मी स्वतः जातो, दोन्ही पायांवर."

गसने ती हकीकत दुपारपर्यंत गावभर केली. फ्लॉसी दुकान उघडं टाकून धावत आली आणि इर्माच्या गळ्यात पडली. चर्चच्या बायकांनी पातेलंभर पिरोगी पाठवल्या. कुणी माफी वगैरे मागितली नाही; पातेलं मोठं होतं, एवढंच.

पण पुढचं वर्ष आलं नाही. एल्डनपाठोपाठ त्या हिवाळ्यात आणखी दोन गावांनी हात टेकले. लोक घरी बसून टीव्हीवर मोठ्या शहरांचे सामने बघायला लागले होते, आणि गावच्या पोरांचा खेळ त्यांना फिका वाटत होता. उरलेल्यांत लीग चालेना. डिसेंबरची बैठक झाली ती लीग मोडायची. गस दोन्ही पायांवर गेला आणि परत आला. केसलरचं मैदान शाळेने नव्या इमारतीसाठी घेतलं. ऑल-स्टार सामना केसलरमध्ये झाला नाही तो नाहीच.

इर्मा दाताच्या डॉक्टरकडे फोन घ्यायला बसू लागली. एकदा फ्लॉसी, मनात काही नसताना, म्हणून गेली, "तेव्हा घेतला असतास तर झाला तरी असता गं आपल्याकडे. एकदा."

"हो," इर्मा म्हणाली. "झाला असता." तिने ते नाकारलं नाही. तिच्याही मनात ते अनेकदा आलं होतं, भांडी घासताना, बसची वाट बघताना. गर्दी, बॅंड, फ्लॉसीच्या आईच्या खोलीत उतरलेला खेळाडू. प्रत्येक वेळी थोडं दुखायचं आणि मग एल्डनच्या दारातली ती गर्दी आठवायची, आणि दोन्ही सोबतच राहायचं. एक आलं म्हणून दुसरं गेलं नाही.

एप्रिलच्या एका शनिवारी मैदान नांगरायला यंत्र आलं. स्टँड आधीच उतरवला होता. इर्मा आणि स्टीव्ह बाजारातून परत येत होते, ते रस्त्यावर थांबले. कुंपण नसल्यामुळे सगळं मैदान एका नजरेत दिसत होतं.

"लहान आहे गं," स्टीव्ह म्हणाला. "मला मोठं वाटायचं."

"मलापण." "तुला सांगू? मी कधी आत गेलेच नाही. खिडकीचं तोंड रस्त्याकडे. आवाजावरून कळायचं काय झालं ते."

"कधीच नाही?"

"तिकडे जायचं काम खेळाडूंचं."

स्टीव्हने पिशव्या एका दगडाशी ठेवल्या. "ती पोरं धावायला सुरुवात कुठून करतात?"

तिने बोट दाखवलं. तो तिथे जाऊन उभा राहिला, आणि तिच्यासाठी थांबला. मग दोघं चालायला लागली, धाव काढणारे खेळाडू धावतात त्याच चौकोनी वाटेने: आधी उजवीकडे, पहिल्या कोपऱ्यापर्यंत. तिथून वळून दुसऱ्याला. गवत ओलं होतं. इर्माने स्कर्ट एका हाताने वर धरला होता. स्टीव्हचे हात खिशात होते. दुसऱ्या कोपऱ्यावर तो विचारायला लागला, "इथं थांबायचं असतं का?" आणि ती म्हणाली, "नाही, आपण चाललोय ना, चल."

यंत्रावरचा माणूस त्यांच्याकडे बघत होता. त्याने इंजिन बंद केलं, पाय पुढच्या दांड्यावर टाकले आणि सिगारेट पेटवली. ती दोघं तिसरा कोपरा वळून सावकाश, जिथून निघाली होती तिथे परत येईपर्यंत त्याला कसलीच घाई नव्हती.